सुंदर डोळ्यांची, चार अक्षरी

ह्यांचा फोन वाजला तेव्हा हे आंघोळीला गेले होते. पडद्यावर ऋजुताचं नाव दिसलं. लेकीचाच फोन म्हणून मी उचलला.

"अण्णा, ऐका ना..."

"अण्णा आंघोळीला गेलेत. मी आहे."

"बरंच झालं." तिचा आवाज एकदम खाली आला. "आई, त्या डॉक्टरांचं काय ठरलं? मी दिवाळीत डोळ्यांनी बघून आलेय. एका दुपारीत त्यांनी मला तेच तेच विचारलं, गाडी वेळेवर आली का, गाडी वेळेवर आली का."

"सत्तरी उलटली आता त्यांची. तुला तुझा चष्मा सापडत नाही या वयात."

"आई, मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. सकाळी उठल्यापासून शब्दकोडं सोडवत बसलेले असतात. विसरण्याचा आजार असलेला माणूस शब्दकोडं सोडवेल होय?"

यावर तिनं "बरं, ठेवते" म्हटलं. माझ्याकडचा तो हुकमी पत्ता होता. नवऱ्यात काही कमी आहे असं कुणी सुचवलं की मी तो टाकायची आणि स्वतःही निर्धास्त व्हायची.

फोन ठेवताना बोट कुठं तरी लागलं आणि पडद्यावर त्यांचा तो ग्रुप उघडला. 'आडवे-उभे' असं नाव होतं. गावोगावचे कोडंवेडे लोक त्यावर जमत. कुणी कुणाला ओळखत नसे. ज्याचं जे अडेल ते त्यानं विचारायचं, बाकीच्यांनी सांगायचं. हे तिथं 'चौगुले सर' होते. उत्तर देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं लोक लिहीत, आणि हे मला ते वाचून दाखवत.

त्या सकाळी मात्र वरती त्यांचाच प्रश्न होता.

'गरम भांडं उतरवण्याचं साधन. तीन अक्षरी.'

खाली भराभर उत्तरं आली होती. चिमटा. सांडशी. कुणीतरी हसून लिहिलं होतं, 'सर, आज पेपरवाल्यांनी फारच सोपं कोडं घातलं की!'

मलाही हसू आलं. आणि मग ते जिथल्या तिथं थांबलं. त्याच सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आतून ह्यांची हाक आली होती, "अगं, ते दे. ते... दूध वर आलंय." मी हात पुसत आत आले तर हे ओट्याशी नव्हतेच. हॉलमध्ये फोन घेऊन उभे होते. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं. आणि मला बघताच वर्गात उत्तर सापडलेल्या पोरासारखे म्हणाले होते, "सांडशी! सांडशी दे!"

"नाकासमोर टांगलीय," मी म्हटलं होतं. रागानंच.

मी पडदा वर सरकवत गेले. 'बाहेर जाताना दाराला लावतात, तीन अक्षरी.' 'छताला फिरतो, दोन अक्षरी.' 'मुलीचा नवरा, तीन अक्षरी.' हा शेवटचा पाडव्याच्या दिवशीचा होता. त्या वेळी जावई आमच्याच हॉलमध्ये समोर बसून करंजी खात होते.

न्हाणीघराची कडी वाजली. मी फोन होता तसा ठेवून दिला.

त्या दिवशी हे जैन बस्तीत दर्शनाला गेल्यावर मी पेपर उघडला. हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात हयात गेली. अक्षर छापल्यासारखं. रोज सकाळी कोड्याची चौकट त्या अक्षरांनी भरलेली मी लांबून बघत असे आणि संध्याकाळी पेपर रद्दीत टाकत असे. त्या दिवशी पहिल्यांदा मी चष्मा लावून ती चौकट वाचली. का, ल, वा. का, ल, वा. आडवं तेच, उभं तेच. सगळ्या चौकोनांत मध्यावर, रेघेला न शिवता, सुबक काढलेलं कालवा, कालवा, कालवा. रद्दीतले मागचे पेपर काढले. त्यातही तेच होतं.

मी रद्दी पुन्हा बांधून ठेवली आणि भाकरी टाकायला घेतली.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही विचारलंस? त्याला कारण होतं. थोड्याच दिवसांपूर्वी नातवाच्या वाढदिवसाला सगळे व्हिडिओ कॉलवर जमले होते. हे पुढं होऊन म्हणाले, "दीर्घायुषी हो, कुंतल!" कुंतल म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन किती काळ लोटलेला. पोरगं खो खो हसलं. जावई हसले. मीही हसत म्हणाले, "अहो, नातवाचं नाव विसरलात?" हे हसले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले ते दिवस मावळायच्या आतल्या जेवणालाही बाहेर आले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सगळ्यांसमोर म्हणायची काय गरज होती?" लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ह्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. ते त्या दिवशी पाहिलं.

म्हणून मी गप्प राहिले. नुसती बघत राहिले, ह्यांना आणि ह्यांच्या नकळत तो ग्रुप.

काही दिवसांनी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'सर, तुम्ही पेपर सोडून बालवाडीचं पुस्तक घेतलंत वाटतं.' त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. लिहिणारा काही वाईट माणूस नसावा. त्याला काय ठाऊक? पण त्यानंतर ह्यांनी ग्रुपवर विचारणं बंद केलं, आणि घरात बोलणंही. हवी ती वस्तू बोटानं दाखवायला लागले. कंगवा हवा असला की केसांवरून हात फिरवायचे. मी कंगवा द्यायची. हे मान हलवायचे. ते घर इतकं गप्प झालं की मला कुकरच्या शिट्टीचाही आधार वाटायला लागला.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नोकरीभर मी अनोळखी माणसांना आवाज दिला होता, थांबा, लावते. तेव्हा वाटलं, अजून एकदा करायला काय हरकत आहे? मी माझ्या फोनवर एक नवं खातं उघडलं. नाव घातलं इंदू शिरगावे, गाव इचलकरंजी. फोटोच्या जागी अंगणातल्या जास्वंदीचं फूल. ग्रुपात शिरले आणि ह्यांना खाजगीत लिहिलं.

'नमस्कार सर. मी कोड्यांत नवीन आहे. ग्रुपवर विचारायचा संकोच वाटतो, लोक हसतात. आपण दोघं एकमेकांना अडलेलं विचारू या का?'

मी ओट्याशी होते, हे भिंतीपलीकडे आरामखुर्चीत. फोन वाजलेला मी इथून ऐकला. मग आलं, 'अवश्य, इंदूताई.'

आधी मीच विचारलं. 'धरणातलं जादा पाणी जिथून सोडतात ती जागा. तीन अक्षरी.'

'सांडवा!' लगेच उत्तर. आणि पाठोपाठ सांडव्याचे प्रकार, त्याची उंची कशी ठरवतात, सगळं. एकही चूक नाही. मी वाचत राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली.

तेव्हापासून आमचं चालू झालं. सकाळचं आवरलं की मी पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा करायची. पलीकडून प्रश्न यायचे. 'केस विंचरायला, तीन अक्षरी.' कंगवा, सर. 'ऊन लागू नये म्हणून डोक्यावर धरतात.' छत्री, सर. आणि क्षणभरानं हॉलमधून ह्यांचा आवाज यायचा, "अगं, माझी छत्री कुठं आहे? जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो." इतका मोकळा, इतका पूर्वीसारखा. मी छत्री नेऊन द्यायची.

हळूहळू हे इंदूला कोड्याखेरीजही लिहायला लागले. आज हवा कशी आहे. हळदीचा वास कसा गावभर सुटलाय. आणि एकदा माझ्याबद्दल.

'पत्नी टेलिफोन खात्यात होती. आमचं लग्न ठरल्यावर मी कोयनानगरला होतो. तिथून उगाच सांगलीचा ट्रंक कॉल बुक करायचो. कुणाशी बोलायचं नसायचं. ती म्हणायची, थांबा, लावते. तेवढं ऐकून मी फोन ठेवून द्यायचो. हे तिला अजून सांगितलेलं नाही. हसेल.'

कणकेचे हात तसेच घेऊन मी हॉलमध्ये गेले. हे खुर्चीत मान खाली घालून, एका बोटानं टाइप करत होते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही. कोडं." त्यांनी फोन छातीशी धरला.

मला म्हणायचं होतं, आठवतंय मला. कोयनानगरहून कुणी तरी कॉल लावायला सांगायचं आणि जोडण्याआधीच ठेवून द्यायचं. आमची सुपरवायझर वैतागायची. ते तुम्ही होतात? पण ते विचारायची सोय नव्हती. ते सगळं इंदूचं होतं. मी म्हटलं, "वांगी करू का गवारी?"

"कर की काहीही."

खोटं कशाला बोलू, त्या इंदूचा मला हेवा वाटायला लागला होता. तिला गोष्टी मिळत होत्या, मला 'कर की काहीही'.

ऋजुता काही सोडणारी नव्हती. तिनं हैदराबादहून मिरजेतल्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ ठरवली आणि अण्णांना स्वतः फोन केला. मला वाटलं, हे आकाशपाताळ एक करतील. हे शांतपणे म्हणाले, "परीक्षाच आहे ना? देऊ की." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पोरीचं समाधान होऊ दे. पास झालो की गप्प बसेल."

मग तयारी सुरू झाली. माझ्याजवळ नव्हे, इंदूजवळ.

'चालू साल कोणतं, इंदूताई? कोड्यात आलंय.' 'आपल्या सांगलीची नदी, दोन अक्षरी.' मी सांगत होते. कृष्णा, सर. हॉलमधून पुटपुटणं ऐकू यायचं. कृष्णा, कृष्णा. शाळेतल्या पोरासारखी पाठांतरं चालली होती.

आदल्या दिवशी दुपारी मी गवारी मोडत बसले होते. ग्रुपवर कित्येक दिवसांनी ह्यांचा प्रश्न आला. त्यांना घाई असावी, म्हणूनच एकट्या इंदूवर न थांबता सगळ्यांना विचारलं.

'स्त्रीचं नाव. अर्थ, सुंदर डोळ्यांची. चार अक्षरी, सु पासून. तातडीचं आहे.'

मी गवारी खाली ठेवली.

उत्तर यायला वेळ लागला नाही. 'सुनयना.' आणखी कुणी, 'सुनयनाच, सर.' तिसऱ्यानं अंगठा वर केला. ह्यांनी लिहिलं, 'आभारी आहे.' भिंतीपलीकडे पुटपुटणं सुरू झालं. "सुनयना. सुनयना."

माझ्या घरात माझ्याच नवऱ्याच्या तोंडून दुसरंच नाव घोकलेलं मी ऐकत होते. कुठल्या गावचे ते लोक, चांगल्या मनानं, पटकन मदतीला धावले होते. मी खाजगीत लिहिलं, 'सर, सुलोचना पण बसतं.'

पुटपुटणं थांबलं.

'होय की. दोन्ही बसतात. मग खरं कोणतं?'

'उभ्या शब्दांतलं कुठलं अक्षर जुळतंय?' मी विचारलं. कोड्यातली रीत तीच.

खुर्ची करकरली. मग आलं.

'उभं काही नाही, इंदूताई. खरं सांगू? हे पेपरातलं कोडं नाही. माझ्या पत्नीचं नाव आहे. मी तिला अगं म्हणतो, नावानं हाक मारायची कधी वेळ आली नाही. उद्या डॉक्टर विचारतील. अर्थ आठवतो, सु आठवतो, पुढचं निसटतं. तिला विचारवत नाही. तिला हे कळू द्यायचं नाही. ती खचेल.'

मी पदर तोंडात धरला. भिंत जाड नव्हती.

'सर, ते सुलोचनाच असणार.'

'कशावरून?'

कशावरून! काय लिहू मी? आठवून आठवून लिहिलं, 'तुमच्या पिढीत आपल्याकडं मुलींची नावं सुनयना ठेवत नसत.'

'बरोबर,' उत्तर आलं. 'तुम्ही हुशार आहात, इंदूताई. उपकार झाले.'

आणि पलीकडून आवाज येऊ लागला. सुलोचना. सुलोचना. सुलोचना. मी अर्धवट मोडलेली गवारी मांडीवर घेऊन ऐकत राहिले. बाईमाणसाला याहून जास्त काय हवं असतं, असं वाटण्याइतकी मी त्या क्षणी वेडी झाले होते.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं मिरजेला गेलो. हे इस्त्रीचा सदरा घालून, टोपी ठीक करून बसले होते. दवाखान्यात गर्दी. बाकावर बसल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "आज वार कोणता?"

"गुरुवार."

"गुरुवार." जरा वेळानं माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हाला बरं सगळं येतं."

तुम्हाला. मला वाटलं, चारचौघांत आहोत म्हणून असेल. ह्यांनी मला एकांतात काय नि लोकांत काय, कधी 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं. तरी मी तशी समजूत घालून घेतली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. आवाज गोड. "या आजोबा, बसा. थोडं बोलू या का?"

"विचारा."

"आज वार?"

"गुरुवार."

"कुठल्या गावाहून आलात?"

"सांगली. कृष्णाकाठ."

"अरे वा." तिनं कोरा कागद पुढं सरकवला. "एक घड्याळ काढता?"

ह्यांनी पेन घेतलं आणि कंपास नसताना, हात न उचलता, नुसत्या मनगटाच्या फिरकीनं एक वर्तुळ काढलं. ते इतकं नेटकं होतं की डॉक्टर "सुंदर!" म्हणाली. मी अभिमानानं तिच्याकडं पाहिलं. "आता आत आकडे घाला." हे पेन धरून बसले. वर्तुळाकडं बघत राहिले. पेनाचं टोक कागदावर टेकायला जाई आणि मागं येई. शेवटी त्यांनी पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं. तिनं आग्रह केला नाही.

"बरं, घरी कोण कोण असतं?"

"मी आणि पत्नी."

"नाव काय त्यांचं?"

ह्यांची पाठ ताठ झाली. "सुलोचना."

एकही अक्षर अडखळलं नाही. मला वाटलं, आता उठावं आणि ऋजुताला फोन करावा, पास झाले गं तुझे अण्णा.

डॉक्टरनं माझ्याकडं बोट केलं. "आणि या कोण?"

ह्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर ओळख होती. आपुलकीही होती. "या इंदूताई," ते म्हणाले.

डॉक्टरनं खुर्ची पुढं ओढली.

"इंदूताई म्हणजे?"

"इचलकरंजीच्या. कोडं अडलं की मला सांगतात. आज मुद्दाम माझ्यासाठी आल्यात."

"आणि सुलोचनाताई कुठं आहेत?"

"घरी. तिला सांगितलं नाही मी इथलं. काळजी करेल." मग माझ्याकडं वाकून, जरा अजिजीनं म्हणाले, "तुम्हीही बोलू नका हं तिच्याजवळ."

डॉक्टर माझ्याकडं बघत होती. माझं मंगळसूत्र, माझं तोंड. "तुम्ही इंदूताई का?" तिनं हलकेच विचारलं.

"होय," मी म्हटलं. "मी इंदू."

रक्त द्यायला नर्स ह्यांना बाहेर घेऊन गेली तेव्हा डॉक्टर म्हणाली, "मॅडम, तुमचं नातं?"

"बायको."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. मग बरंच काही सांगितलं, अनोळखी जागी गोंधळ वाढतो, घरी गेल्यावर कदाचित ओळखतील, आजार परत फिरणारा नाही, गोळ्यांनी थोडा धीमा होईल. मी सगळं ऐकलं. कानात एकच घुमत होतं. इंदू म्हणजे मीच, हे ह्यांनी कसं ओळखलं? की ओळखलं नाही म्हणूनच इंदू म्हणाले? ते मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

परत येताना रिक्षात हे अंग चोरून, परक्या बाईशेजारी बसावं तसे बसले. मध्ये औषधांची पिशवी ठेवली. "तुम्हाला इचलकरंजीला जायला उशीर होईल," म्हणाले. "पण घरी चहा घेऊनच जा. तिच्या हातचा चहा एकदा प्याल तर..." पुढचा शब्द सापडला नाही. मी सुचवला नाही.

घराशी उतरलो. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढायच्या आत ह्यांनी बेल वाजवली. टोपी सारखी केली आणि दाराकडं बघत उभे राहिले. पुन्हा वाजवली. आत कोण असणार?

"मागं असेल," मला म्हणाले. "कपडे काढत असेल दोरीवरचे. या वेळी ती मागंच असते."

"मी बघून येते," मी म्हटलं.

घराला वळसा घालून मी मागं गेले. मागच्या दाराची किल्ली फिरवली. स्वयंपाकघरातून आत आले, चपला तिथंच काढल्या. हॉलमध्ये येऊन पुढच्या दाराशी थांबले. दारापलीकडं ह्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. मी पदरानं तोंड पुसलं आणि आतून लॅच फिरवून दार उघडलं.

ह्यांनी मला पाहिलं. सगळा चेहरा उजळला.

"सुलोचना," हे म्हणाले. "किती वेळ लावलास?"

सगळ्या संसारात पहिल्यांदा ह्यांनी मला नावानं हाक मारली. दाराची चौकट मी घट्ट धरून ठेवली.

"मागं होते," मी म्हटलं.

"अगं, इंदूताई आल्यात. त्या कोड्याच्या ग्रुपवरच्या." हे मागं वळले. फाटकापर्यंत पाहिलं. "आत्ता इथं होत्या. तुला बघायला मागं गेल्या. भेटल्या नाहीत?"

"येतील. तुम्ही आत या, दमलाय."

हे खुर्चीत बसले. मी चहाचं आधण ठेवलं. हॉलमधून आवाज आला, "तीन कप ठेव गं!"

मी तीन कप भरले. ट्रे आणून स्टुलावर ठेवला. एक त्यांच्यापुढं, एक माझ्यापुढं, एक रिकाम्या खुर्चीसमोर. ह्यांनी कपाला हात लावला नाही.

"घ्या की. निवतोय."

"पाहुण्या आल्याशिवाय कसा घ्यायचा?" दाराकडं बघत ते म्हणाले. "बाईंचं आज सगळं काम माझ्यामुळं खोळंबलं असेल."

साय धरायला लागली. ह्यांची नजर काही दारावरून हलेना. मी साखरेचं निमित्त करून आत गेले. फोन काढला आणि लिहिलं, 'सर, मला गाडी गाठायची होती म्हणून न सांगता निघाले. माफ करा. चहा घ्या. बाईंना नमस्कार सांगा.'

हॉलमध्ये फोन वाजला. मी बाहेर येईपर्यंत हे चष्मा लावून एकेक शब्द वाचत होते.

"गेल्या बघ," ते म्हणाले. "तुला नमस्कार सांगितलाय."

"असू दे. घ्या आता."

त्यांनी कप उचलला. त्यानंतर हे दोनच पावसाळे जगले. इंदूला पुढं त्यांनी काही विचारलं नाही, आणि मला नावानं मारलेली हाक ती तेवढीच. पण त्या दुपारी हे माझ्यासमोर बसून, मला ओळखून, गार झालेला चहा चवीनं पीत होते. पिता पिता म्हणाले, "फार चांगल्या बाई आहेत गं. तुझी आणि त्यांची एकदा गाठ घालून द्यायला पाहिजे."

"घाला की," मी म्हटलं.

"तुमचं दोघींचं जमेल," ते म्हणाले, आणि तिसरा कप माझ्याकडं सरकवला. "हा तू घे. वाया कशाला घालवायचा?"